डाव्या हाताची वीण

हिवाळा आहे, गोष्टी सांगण्याचे दिवस आहेत. पण ही गोष्ट नाही. हे घडलेलं आहे आणि माझ्याच घरात घडलेलं आहे.

यात पदरचा एकही शब्द नाही. जे डोळ्यांनी दिसलं ते दिसलं म्हणून सांगेन. जे नुसतं ऐकू आलं, ते ऐकू आलं एवढंच सांगेन.

तळं काठापासून थेट बेटापर्यंत गोठलं होतं, तो हिवाळा. नदी तळ्याला मिळते तिथली आमची, मोडोक लोकांची, वस्ती. पूर्वेकडून तिसरं घर. पहिला आवाज आला तेव्हा दुपार होती.

दुपार. रात्र नव्हे.

हे आधीच सांगते, कारण ऐकणारे नेहमी विचारतात, अंधारात तुला भास झाला असेल का.

नाही. भास नव्हता.

माझ्या थोरल्या बहिणीचं नाव मी घेणार नाही. मेलेल्याचं नाव घेतलं की ते ओ देतं. मी तिला ताई म्हणायचे. इथेही ताईच म्हणते.

ताई डावरी होती. हे लक्षात असू द्या.

लव्हाळ्याची टोपी विणताना उभ्या दोरांभोवती दोन आडवे दोर पिळत न्यायचे असतात. उजव्या हाताने पिळलं की वीण एका अंगाला झुकते. डाव्या हाताने पिळलं की दुसऱ्या. आमच्या वस्तीत उलट झुकलेली वीण एकट्या ताईचीच होती. टोपी हातात घेऊन बोट फिरवलं तरी बायका सांगायच्या, ही तिची.

माझ्या टोपीवर बोट फिरवून कोणी काही सांगत नसे.

“बघ गं,” आई म्हणायची, “ती डाव्या हाताने विणते, तरी तुझ्याहून सरळ.”

मी सात हिवाळ्यांची असल्यापासून हे ऐकत आले.

एकदा पाणकमळाच्या बिया काढायला सगळ्या होड्या तळ्यावर होत्या. मी माझी पहिली पुरी झालेली टोपी घातली होती. ताईने दुसऱ्या होडीतून हाक मारली.

“धाकटे, वल्हं जपून मार हं. टोपीच्या भोकांतून बदकं आत शिरतील!”

सगळ्या होड्या हसल्या. सगळ्यात मोठ्याने ताकूल हसला. ताकूल म्हणजे ताईचा नवरा, माझे दाजी.

मीही हसले. घरी आल्यावर ती टोपी उसवून टाकली.

ताकूलला आधी मी पाहिलं होतं. वसंतात मासे नदीने वर चढतात तेव्हा. तो कंबरभर पाण्यात उभा होता, आणि मी काठावर मासे चिरत होते. पण त्याची माणसं मागणी घालायला आली ती ताईसाठी. थोरली आधी, हे मलाही कळत होतं. कळतं म्हणून काही आतलं जळायचं थांबत नाही.

ताईला मुलगी झाली. केमशी. ती दोन हिवाळ्यांची होण्याआधीच, बियांचा हंगाम संपता संपता, ताई तापाने पडली. देवऋषी पाच दिवस तिच्या उशाशी गात होता. सहाव्या दिवशी सकाळी त्याने खुळखुळा खाली ठेवला.

आमच्यात मेलेल्याला चटयांत गुंडाळून वस्तीच्या पश्चिमेला नेऊन जाळतात. त्याच्याबरोबर त्याचं सगळं जातं. कंद उकरायची काठी, टोपल्या, सशाच्या कातड्याचं पांघरूण. घरसुद्धा. काही मागे राहिलं तर ते माणूस त्या वस्तूसाठी परत येतं.

ताईच्या सासूने, शूलाटने, एकेक वस्तू उचलून विचारायला सुरुवात केली.

“ही कोणाची?”

“तिची!” सगळे म्हणायचे.

मग ती वस्तू आगीत.

विचारायचं कारण आहे. मेलेल्याचं काही मागे ठेवायचं नाही, तसंच जिवंत माणसाचं काही चुकून आगीत टाकायचं नाही. जिवंत माणसाच्या हातचं आगीला दिलं, तर तो माणूस मेल्यात जमा झाला. म्हणून शूलाट प्रत्येक वस्तू उंच धरत होती.

शेवटी तिने एक टोपी उचलली.

पुरी नव्हती. नुसता माथा झाला होता, माझ्या तळहाताएवढा. सगळीकडून उभे दोर लोंबत होते. मधोमध साळूच्या काट्यांची पिवळी नक्षी, आकाशातून जाणाऱ्या हंसांच्या रांगेसारखी. इतकं सुंदर काम मी पाहिलं नव्हतं. अजूनही नाही.

“ही कोणाची?”

सगळ्यांनी तोंड उघडलं. त्याआधी मी बोलले.

“माझी.”

शूलाटने माझ्याकडे पाहिलं. “तुझी? वीण तर तिची आहे.”

“विणत ती होती. पण ती माझ्यासाठी. तिने ती मला देऊ केली होती.”

ताकूलने मान वर केली. सुतकाचे केस कापलेले, तोंडाला डिंक आणि राख फासलेली.

शूलाटने टोपी माझ्या हातात दिली.

ताईने ती टोपी मला कधीच देऊ केली नव्हती.

का खोटं बोलले? तिचं एक तरी मला हवं होतं. जळून न गेलेलं. यापेक्षा मोठं कारण नाही.

पहिलं बर्फ पडलं तेव्हा तिचा नवराही मला मिळाला. आमच्यात बहीण गेली की तिच्या जागी बहीण जाते. नवं घर बांधून झालं होतं. जुन्या जळलेल्या खड्ड्यापासून दहा पावलांवर नवा खड्डा, वर लाकडं, चटया, माती. छपराच्या भोकातून शिडीने आत उतरायचं. जुन्या घरात ते भोक तळ्याच्या अंगाला होतं. नव्यात ताकूलने ते उगवतीकडे ठेवलं.

हेही लक्षात असू द्या.

घरात आम्ही चौघं. मी, ताकूल, शूलाट आणि केमशी.

ताकूल माझ्याशी वाईट वागला नाही. तो माझ्याशी वागलाच नाही, असं म्हणणं जास्त खरं. मी वाटी पुढे केली की घ्यायचा. मी एकदा चुकून “दाजी” म्हणाले तर त्याने ओ दिली. त्यानंतर दिवसभर त्याला बरं वाटल्यासारखं दिसत होतं.

आणि केमशी. तिला मी न्हाऊ घालायचे, भरवायचे, कुशीत घ्यायचे.

“आई म्हण,” मी सांगायचे.

“मावशी.”

“आ… ई.”

“मा… वशी.”

शूलाट पाट्याशी बसून हसायची. “पोरगी तुझ्याहून हट्टी निघाली गं. आईवर गेलीय.”

मी पण हसायचे. हसायची मला सवयच होती.

त्या टोपीवर मी एकदाच हात चालवला. ताईच्या ओळी मोजल्या. तेरा. चौदावी मी विणली. तेरा ओळी एका अंगाला झुकलेल्या, चौदावी दुसऱ्या. आंधळ्यालाही कळलं असतं. मी टोपी पिशवीत घातली आणि पिशवी माझ्या चटईखाली सारली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सुरुवात झाली.

ताकूल बर्फावरून हरणांच्या मागावर गेला होता. शूलाट बिया वाटत होती. केमशी माझ्याजवळ निजली होती. भोकातून दिवसाचा उजेड सरळ खाली येत होता.

आणि…

माझ्या चटईवर माती पडली.

चिमूटभर. वरून. छपरावर कोणी चाललं की पडते तशी.

शूलाटचा हात थांबला. “कोण आलंय?”

वरून ओ आली नाही.

आमच्याकडे पाहुणा आला की छपरावर उभा राहून आधी हाक देतो, मग उतरतो. हाक न देता फक्त घरचं माणूस येतं.

परत माती पडली. मग पाऊल ऐकू आलं. एक… दोन… तीन… आणि माझ्या चटईच्या बरोबर वर येऊन थांबलं. तळ्याच्या अंगाला.

“वर उभं राहून काय करतोय? खाली ये म्हणावं त्याला,” शूलाट मला म्हणाली.

मी शिडी चढून वर गेले.

छपरावर कोणी नव्हतं. बर्फ कोवळं होतं, सकाळीच पडलेलं. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

आमचं कुत्रं बर्फात बसून छपराच्या तळ्याकडच्या कोपऱ्याकडे बघत होतं. भुंकत नव्हतं. शेपूट हलवत होतं. हलवून हलवून मागचं बर्फ झाडल्यासारखं साफ झालं होतं.

“कोण होतं गं?” खालून शूलाट.

“कोणी नाही आत्याबाई. बर्फ घसरलं.”

खाली आले तेव्हा घरात एक वास होता. भिजवलेल्या लव्हाळ्याचा. विणायला बसण्याआधी दोर भिजवतात, तसा. आमच्या घरात त्या दिवशी कोणी लव्हाळा भिजवलेला नव्हता.

मी चटईखालून पिशवी काढली.

टोपी ओली होती.

माझी चौदावी ओळ… नव्हती. उसवून काढली होती. तिच्या जागी तीन नव्या ओळी होत्या.

तिन्ही उलट झुकलेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुपारी पाऊल वाजलं. पुन्हा तळ्याच्या अंगाला, माझ्या चटईवर. मग ते छपराच्या कडेकडेने फिरलं. हळू. काहीतरी शोधल्यासारखं.

तेव्हा मला कळलं.

ती भोक शोधत होती. जुन्या घरात ते जिथे होतं, तिथे आधी गेली होती. हे घर तिने पाहिलेलंच नव्हतं.

केमशी जागी होती. ती वर बघत होती. पाऊल जसं सरकेल तशी तिची मान सरकत होती.

आणि ती हसली. माझ्याकडे बघून ती कधी तशी हसली नव्हती.

“आई,” ती म्हणाली.

छपराला म्हणाली.

मला घाबरायला हवं होतं. पण मी खरं सांगते आहे. आधी मनात आलं ते असं: मी जिवंत आहे, मी भरवते, मी कुशीत घेते, आणि शब्द मिळतो कोणाला? तर तिला!

त्या दिवशी दोन ओळी वाढल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी ताकूल लवकर परतला. मी पिशवी उघडून ओळी मोजत बसले होते. लपवायला वेळ मिळाला नाही. त्याने टोपी माझ्या हातातून घेतली. ओळींवरून बोट फिरवलं. एकदा, मग परत.

“ही तू विणलीस?”

“हो.”

“डाव्या हाताने?”

“शिकतेय.”

तो माझ्याशेजारी बसला. त्या घरात पहिल्यांदा.

“तिच्यासारखीच आहे गं,” तो म्हणाला. “अगदी तिच्यासारखी.”

आणि त्याने माझा डावा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पश्चिमेला आगीची जागा होती, वस्तीत माणसं होती, दिवसाचा उजेड होता. शूलाटने टोपी उंच धरली असती, “ही कोणाची?” विचारलं असतं, आणि मी चारचौघांत “तिची” म्हटलं असतं. एवढंच करायचं होतं.

पण मग त्याने माझा हात सोडला असता.

मी हात त्याच्या हातात तसाच राहू दिला.

चौथ्या दिवशी केमशीने खाल्लं नाही. माशाचं कालवण तोंडाशी नेलं तर मान फिरवली. रडलीही नाही. नुसती वर बघत पडून राहिली. अंग गार होतं.

“पोरीला काय झालंय?” शूलाट म्हणाली. तिने केमशीच्या कपाळाला हात लावला, मग माझ्या चटईवरची माती बोटाने टिपली. “आणि ही माती रोज तुझ्याच चटईवर कशी पडते?”

“छप्पर नवीन आहे.”

“छप्पर माझ्या लेकाने घातलंय. गळत नाही ते.” ती माझ्याकडे बघत राहिली. “सूनबाई, त्या दिवशी तू माझ्याकडून काही घेतलंयस का, जे मी द्यायला नको होतं?”

“नाही आत्याबाई.”

“नक्की?”

“तिने मला देऊ केली होती.”

शूलाट उठली आणि शिडी चढून देवऋषीकडे गेली. देवऋषी दुसऱ्या वस्तीवर कोणाच्या तरी दुखण्याला गेला होता. पाचव्या दिवशी सकाळी ती त्याला आणायला निघाली. ताकूल तिच्याबरोबर गेला, बर्फ खोल होतं म्हणून.

घरात मी आणि केमशी राहिलो.

मी टोपी काढली. आणि तेव्हा मला दिसलं, जे खरं तर दोन दिवस आधीच दिसायला हवं होतं.

टोपी माथ्यापासून सुरू होते. रुंद करायची तर मध्ये मध्ये नवे उभे दोर घालत जायचं. दोर घालणं थांबवलं की टोपी सरळ खाली उतरते. तिथे माप ठरतं.

सतराव्या ओळीनंतर एकही नवा दोर घातलेला नव्हता.

माझ्या डोक्याला ती बसणं शक्य नव्हतं. कोणत्याच बाईच्या डोक्याला नाही. मी ती मुठीवर धरली. आत दोन मुठी मावल्या असत्या, जास्त नाही.

केमशी चटईवर उठून बसली. चार दिवसांत पहिल्यांदा. तिने माझ्या हातातल्या टोपीकडे पाहिलं…

आणि डोकं पुढे केलं.

आपल्याला कोणी टोपी घालणार असेल तर करतात, तसं.

ती टोपी कधीच माझ्यासाठी नव्हती. पहिल्या ओळीपासून ती लेकीसाठी होती. आणि आता फक्त कड बंद करायची राहिली होती.

वर माती सरकली.

आज पाऊल तळ्याच्या अंगाला गेलं नाही. फिरलं नाही. सरळ आलं. उगवतीकडे. भोकाशी.

थांबलं.

खाली पडलेला उजेडाचा चौकोन… अर्धा झाला.

मी वर पाहिलं. भोकात कोणी नव्हतं. स्वच्छ आकाश दिसत होतं. पण जमिनीवर अर्धाच उजेड होता.

शिडीची पहिली पायरी करकरली.

मग दुसरी.

आमच्या शिडीला नऊ पायऱ्या. मी मोजत होते. तिसरी… चौथी… भिजलेल्या लव्हाळ्याचा वास इतका आला की श्वास घेववेना.

केमशीने दोन्ही हात वर केले. “आई.”

पाचवी.

“ती माझी आहे!” मी ओरडले. “ताई, ऐकलंस? तुला सगळं मिळालं. तुझी वीण, तुझा नवरा, सगळं आधी तुला. ही माझी आहे!”

करकर थांबली.

बराच वेळ पुढची पायरी वाजली नाही. वाटलं गेली.

सहावी पायरी वाजली.

मी केमशीला पाठीशी बांधलं. ती पाय झाडत होती, माझे केस ओढत होती. चुलीतले निखारे मडक्यात… नाही, दगडी वाडग्यात घेतले. टोपी दातांत धरली. आणि शिडी चढले. दुसरा रस्ताच नव्हता.

वरून सहाव्या, त्याच पायरीवर माझ्या गालाला काहीतरी लागलं. ओलं, बारीक, लोंबणारं. केस असतील. दोर असतील. मी डोळे मिटले होते, म्हणून सांगू शकत नाही.

पाठीवरची केमशी त्याच क्षणी शांत झाली. कोणी थोपटल्यासारखी.

वर आले. धावत सुटले. कुत्रं मागे आलं नाही. ते छपरापाशीच बसून शेपूट हलवत राहिलं.

जाळायच्या जागी बर्फ हाताने उकरलं, सुका लव्हाळा पेटवला आणि टोपी त्यावर ठेवली. ओली होती, तरी पेटली. हंसांची रांग सगळ्यात शेवटी जळाली.

तिथे मी एक शब्द बोलायला हवा होता. तिची. एवढाच.

समोर कोणी नव्हतं. पाठीवर एक लहान पोर. तरी मी तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी केमशी दोन वाट्या कालवण प्यायली. शूलाट देवऋषीला घेऊन आली तेव्हा ती कुत्र्याशी खेळत होती. देवऋषी छपरावर थोडा वेळ उभा राहिला, खाली उतरला आणि म्हणाला, इथे आता कोणी नाही. शूलाटने माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं.

ताकूलने टोपी विचारली.

“केमशीने उसवून टाकली,” मी म्हणाले.

“बरं,” तो म्हणाला. नंतर त्याने माझा डावा हात कधी हातात घेतला नाही. मलाही विणता आलं नाही तसं, मी पुष्कळ प्रयत्न केला.

माती पडायची थांबली. पाऊल वाजायचं थांबलं.

याला तेरा हिवाळे झाले.

शूलाट गेली. तिचं सगळं आम्ही नीट जाळलं. प्रत्येक वस्तूला मी मोठ्याने “तिची” म्हटलं.

केमशी मोठी झाली. पूर्वी उजव्या हाताने खायची. त्या हिवाळ्यापासून डाव्या हाताने खाते. विणते डाव्या हाताने. मी तिला शिकवलं, म्हणजे उजव्या हाताने शिकवलं. तिने ऐकून घेतलं आणि दोर डाव्या हातात घेतले. तिच्या टोपीवर बोट फिरवून म्हाताऱ्या बायका गप्प होतात.

मला ती मावशी म्हणते. तेरा हिवाळे मावशीच.

परवा दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली. हातात टोपी होती. मोठी, बाईच्या मापाची. मधोमध पिवळी नक्षी. हंसांची रांग.

ती नक्षी तिने कधी पाहिलेली नाही. दोन हिवाळ्यांच्या पोराला काय आठवणार?

“कोणासाठी गं?” मी विचारलं.

ती हसली. लहानपणी छपराकडे बघून हसली होती, तसं.

“आई,” ती म्हणाली, “ही तुझीच. तुला देऊ केली होती ना?”

मी त्या शब्दासाठी तेरा हिवाळे थांबले होते.

“तुला हे कोणी सांगितलं?”

“कोणी नाही. मला वाटलं, म्हणून म्हटलं.”

मी ताकूलला विचारलं. त्याने शपथेवर सांगितलं, त्या दिवसाबद्दल तो लेकीशी कधीच बोललेला नाही. शूलाट बोलली असेल? असेल. मी तसंच धरून चालते आहे.

टोपी पुरी आहे. फक्त कड बंद करायची राहिली आहे.

“ती तुझ्या डोक्यावर बसवूनच बंद करीन,” केमशी म्हणते. “माप बरोबर येईल. कधी बसतेस?”

“उद्या,” मी सांगते. रोज उद्या सांगते.

घालायची माझी छाती होत नाही. आणि जाळता येत नाही. ती जिवंत पोरीच्या हातची आहे. ती आगीला दिली, तर मी माझ्या हाताने माझ्या लेकीला मेल्यात जमा केलं.

म्हणून ती शिडीजवळ खुंटीला टांगून ठेवली आहे.

आज सकाळी मी हात लावून पाहिला.

ओली होती.

आणि आत्ता, हे सांगत असताना… माझ्या चटईवर चिमूटभर माती आहे. मघाशी नव्हती. केमशीने मान वर केली आहे. ती कोणाला तरी वाट दाखवावी तशी डावा हात हलवते आहे.

उगवतीकडे.